पलंग शेवटी चढवायचा

मुक्काम गोदामाच्या माडीवर,
दि. १२ जानेवारी

ती. सौ. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

पत्र हातात पडलं म्हणजे दारात कपाटही उभं असणार. आधी कपाट आत घे, मग वाच. ते घेऊन आलेला ड्रायव्हर म्हणजे आमचा हॉर्न. नाव असं पडलं की हा माणूस कधी हॉर्न वाजवत नाही, रस्त्यात शेळ्या आल्या तर खाली उतरून त्यांना समजावतो. त्याला चहा दे, बिनसाखरेचा. यापुढे पत्रं त्याच्याच हाती देत जाऊ. दुकानातल्या फोनवर मागे रांग लागलेली असते, तू विचारतेस एक आणि मी सांगतो भलतंच, तेवढ्यात वेळ संपते.

तू विचारलं होतंस की मी नक्की करतो काय. लोकांची घरं हलवतो. बांधायचं, चढवायचं, उतरवायचं. वाटतं सोपं, पण त्यात अक्कल आहे. मुकादमाने पहिल्याच दिवशी शिकवलं की जे आधी लागणार ते शेवटी चढवायचं, म्हणजे दार उघडलं की तेच पहिलं हाताला येतं. म्हणून पलंग सगळ्यात शेवटी. दमून भागून नव्या घरात आलेल्या माणसाला कपबशा नको असतात, पाठ टेकायला जागा हवी असते. परवा एका घरातला पोपट नुसता पिंजऱ्यासकट पुढे बसवून आणला, तो वाटभर मुकादमाच्या आवाजात शिव्या देत होता. ते असो.

कपाटाची गोष्ट अशी. आपल्या गावाकडून इकडे येणाऱ्या गाड्या ठासून भरलेल्या असतात आणि परत जाताना रिकाम्या. त्यामुळे तिकडून इकडे यायचं भाडं ऐकून माणूस खाली बसतो, आणि इकडून तिकडे सामान न्यायला हॉर्नला एक चहा पुरतो. आमचा मालक म्हणतो की गावाचं कसं चाललंय ते पेपरात वाचू नये, गाडीचं भाडं विचारावं. आता गंमत बघ, लोक दामदुप्पट भाडं भरून भलंमोठं कपाट इथवर आणतात आणि ते इथल्या जिन्यातून वर जात नाही. मालकीणबाई थोडा वेळ जिन्यातच उभ्या राहतात, मग म्हणतात की राहू दे, घेऊन जा कुणाला हवं तर. मला हवं असतं.

तर मी असं ठरवलंय की एकेक वस्तू मागच्या खोलीत पाठवत राहायचं. मी काय जन्मभर माडीवर सात जणांत झोपणार नाही. परत येणार, तुमच्यातच राहणार. सामान आधी येईल, मी मागून. पलंग मात्र शेवटी, माझ्याबरोबर. कामाचा नियमच आहे.

भावोजींना नमस्कार, चिमणीला एक टपली. लोभ आहेच, तो हॉर्नच्या भाड्याइतका स्वस्त समजू नये.

तुझा
भिंगरी

घर,
दि. ३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

अ. उ. आ.

कपाट मिळालं. शेजारच्या दोघांना बोलावून आत घेतलं. आमच्या दारातून सहज आत गेलं, बाबांनी दारं रुंद ठेवली होती हे पहिल्यांदाच उपयोगी पडलं. कुणा मुलीने आरशाच्या कोपऱ्यात मांजरांची चित्रं चिकटवली आहेत. चिमणी ती काढू देत नाही. तुझा हॉर्न दोन कप चहा प्याला आणि जाताना म्हणाला की तुमचा भाऊ चांगला आहे, फक्त त्याला एका जागी बांधून ठेवायला दोरी नाही. मी म्हटलं की दोरी आम्ही लहानपणीच वापरून बघितली.

आता नीट वाच, मधेच खिडकीबाहेर बघू नकोस. पंपाचा कारखाना बंद झाला. फाटकाला कुलूप लागलंय, आतून गवत वर आलंय. ह्यांना लांबच्या बंदरावर जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात लेथवर घेतलंय. पगार बरा आहे. कुटुंब असणाऱ्याला कंपनी क्वार्टर देते, दोन खोल्या, आत नळ, खिडकीतून पाणी दिसतं म्हणे. पण एप्रिलअखेर घेतो की नाही ते कळवायचं, नाहीतर यादीतल्या पुढच्याला. हे आत्ताच जाऊन रुजू झालेत, कारखान्यातल्या चार जणांबरोबर एका खोलीत राहतात.

इथे माझ्या शिवणाचं सांगते म्हणजे तुला गाव कळेल. पूर्वी शाळेचे गणवेश नवे शिवायचे, शिलाई मशीन थंड व्हायचं नाही. यंदा सगळे जुन्याचेच दुमडलेले काठ सोडवून लांबी वाढवून नेतात. चिमणीचा वर्ग आणि वरचा वर्ग एकाच खोलीत बसतात, तिला वाटतं तिला वर चढवलं.

म्हणून सरळ विचारते. तू खरोखर येणार आहेस का? येणार असशील तर मी क्वार्टर नको म्हणून कळवते आणि इथेच राहते, हे सुट्टीला येत राहतील. बंद घराचं कुलूप काढून तू एकटा राहशील, असं मला वाटत नाही. आठवड्यात कंटाळून निघशील. आई गेल्यापासून मी तुला ओळखते. आणि येणार नसशील तर तसं सांग, मी रागावणार नाही, घराला कुलूप लावून आम्ही निघतो. हो किंवा नाही, एवढंच लिही.

तसा तुझ्या सामानावर माझा विश्वास नाही. कपाट तर काय, कपाट कुणीही पाठवेल. ज्या दिवशी तुझा पलंग दारात उतरेल त्या दिवशी म्हणेन की आला बाबा एकदाचा.

जेवत जा. लोभ मागून मिळत नाही म्हणून मागत नाही.

तुझी
ताई

मुक्काम तोच,
दि. ११ मार्च

ती. सौ. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं, दोनदा वाचलं. लगेच उत्तर लिहिणार होतो, पण मधे एक लांबची खेप लागली. त्या वाटेवर एक म्हातारे गृहस्थ भेटले. त्यांनी बाकी सगळं बांधू दिलं आणि मग म्हणाले की भिंतीचा एवढा तुकडाही काढून द्या. भिंतीवर मुलांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा होत्या. मुकादमाने समजावलं, हॉर्नने समजावलं. शेवटी मी एक लांब कागद भिंतीला लावून रेघा जशाच्या तशा उतरवून दिल्या. त्यांनी कागदाची गुंडाळी केली आणि वाटभर मांडीवर धरली. उतरताना मला म्हणाले की मुलं तीन वेगवेगळ्या गावांत आहेत आणि ते स्वतः चौथ्या गावात जातायत.

तू विचारलंस त्यावर रोज विचार करतो. इथे मुकादम म्हणतोय की मला जोडीदार करून घेईल, म्हणजे पगार वाढेल, पण वाढलेला पगार खोली खाऊन टाकते. इथे ज्याच्याकडे काम आहे त्याला घर नाही. आपल्याकडे घर आहे तर काम नाही. दोन्ही एकत्र कुठे आहे ते मला सापडलं की मी तिथेच बसेन बघ. शेजारच्या खाटेवरचा म्हणतो की डोंगरावर शीतगृह उघडलंय, तिथे माणसं घेतायत, राहायची सोय आत. तो रोज एकदा तरी शीतगृह म्हणतो.

हो-नाहीचं पुढच्या पत्रात नक्की. एप्रिलला वेळ आहे. सोबत पुस्तकांचं शेल्फ पाठवतोय, पुस्तकं नाहीत, चिमणीला सांग तिने भरावीत. एक पाय आखूड आहे, खाली पुठ्ठा घाल.

लोभ असावा, आणि थोडा धीरही.

तुझा
भिंगरी

दि. १९ एप्रिल, गडबडीत

ती. सौ. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

हॉर्न चक्क हॉर्न वाजवतोय, म्हणून चारच ओळी. एक कुटुंब परदेशी गेलं आणि असा पलंग टाकून गेलं की बघत राहशील. चांगलं जड लाकूड, डोक्याकडे पितळी गोळे. कुणी नेला असता, म्हणून मी वर चढून बसलो आणि माझा म्हणून सांगितलं. मागच्या खोलीत खिडकीशी लाव. बाकी सगळं सविस्तर लिहितो.

लोभ पोचता करावा.

भिंगरी

घर,
दि. २७ एप्रिल

चि. भिंगरीस,

अ. उ. आ.

पलंग उतरला तेव्हा मी मशीनवर होते. हॉर्नने दार ठोठावलं आणि म्हणाला की बाई, या वेळी जड आहे. मी बाहेर येऊन बघितलं आणि नुसती त्याच्याभोवती फिरले. त्याला वाटलं मला आवडला नाही. नंतर आत नेला तेव्हा मी त्यावर बसून घेतलं, तुझी चिठ्ठी दोनदा वाचली. तू लिहिलं नाहीस तरी कळलं. लिहायला तुला कधी जमलं नाही. लहानपणी चूक झाली की तू बोलायचा नाहीस, माझ्या चपला पुसून ठेवायचास.

मी त्याच दिवशी ह्यांना दुकानातून फोन केला. म्हटलं की क्वार्टर नको म्हणून सांगा, तो येतोय.  ह्यांनी विचारलं की खात्री आहे का. मी म्हटलं की पलंग आलाय. ह्यांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला, लेथवरच्या माणसाला असलं समजत नाही. मग म्हणाले की बरं. ती पाण्याकडची खिडकी चिमणीला आवडली असती, एवढंच म्हणाले.

मागची खोली चुन्याने रंगवून घेतली. एक भिंत चिमणीने रंगवली, ती ओळखू येईल. बस आगाराच्या दुरुस्तीखान्यात माणूस हवा आहे, तिथल्या फोरमनशी बोलून ठेवलंय. तुझं शिक्षण विचारलं तर मी म्हटलं की हात चांगला आहे. पुढची खोली दुकानाला काढू, एका बाजूला माझं मशीन, दुसरीकडे तू काय करशील ते.

कधी पोचतोस तेवढं कळव. हे पत्र हॉर्नकडे देते, तो म्हणाला की गोदामात तुझ्या हातातच देईन.

आता लोभाचं काय लिहायचं, येऊनच घे.

ताई

मुक्काम शीतगृह, डोंगरावर,
दि. ८ जून

ती. सौ. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

पोस्टाने पत्र पाठवतोय कारण हॉर्नची गाडी इकडे येत नाही. पलंग पाठवला त्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्याने सामान भरलं आणि मला विचारलं की येतोस का. मी म्हटलं की बघून तरी येऊ. बघायला आलो तो राहिलो. इथे सफरचंदं झोपवून ठेवतात. बाहेर ऊन आणि आत आम्ही कानटोप्या घालून. गेल्या हंगामाचं फळ बाहेर निघतं तेव्हा त्याला वाटत असेल की आत्ताच झाडावरून उतरलो.

तुझं काही पत्र आलं नाही. एप्रिल संपला म्हणजे तुम्ही एव्हाना बंदरावर पोचला असाल, हे पत्र वळतं होऊन येईल. मी हो-नाही लिहायचं म्हणत राहिलो आणि राहून गेलं. पण तू काही माझ्यासाठी थांबली नसशील, तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. निघताना माझं सामान मागच्या खोलीत नीट लावलंस ना. पलंग कसा वाटला? क्वार्टरमधून खरंच पाणी दिसतं का? चिमणीला विचार, जहाज केवढं असतं.

लोभ इथल्या फळासारखा टिकवून ठेवावा.

तुझा
भिंगरी

बंदर,
दि. २ जुलै

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद.

मी लेथवरचा माणूस, मापात लिहितो. तुझं जूनचं पत्र तुझ्या ताईला घरीच मिळालं. ती कुठे गेलेली नाही. मी सुट्टीला घरी होतो तेव्हाच पोस्टमन आला. तिने पत्र वाचलं, घडी करून मशीनच्या खणात ठेवलं आणि हातातला काठ पूर्ण केला. मग मला म्हणाली की तो बंदर विचारतोय. 

तिचं एप्रिलचं पत्र तुला पोचलं नाही असं दिसतं. ते कदाचित हॉर्नच्या खिशातच असेल, तो हातात दिल्याशिवाय देत नाही. त्यात काय होतं ते मी सांगतो. पलंग आला म्हणजे तू येतोयस असं तिने धरलं. तू तसं म्हणाला होतास, तिने ते लक्षात ठेवलं. म्हणून आम्ही क्वार्टर सोडली. ती क्रेनवाल्याला मिळाली. त्याची बायको त्या खिडकीत कपडे वाळत घालते, मी रोज त्याखालून कामावर जातो. माणूस चांगला आहे.

तुला दोष देत नाही. आमचीही चूक आहे, विचारून घ्यायला हवं होतं. पण असं किती दिवस चालायचं, म्हणून कारखान्याच्या मागच्या बाजूला एक खोली भाड्याने घेतलीय. एकच आहे, खिडकी भिंतीकडे. चिमणीच्या शाळेत जागा मिळतेय. अडचण गाडीची आहे. गावातून निघणाऱ्या गाडीचं भाडं तुला माहीत आहेच. तुझ्या जुन्या मालकाकडे शब्द टाकता आला तर टाक.

दोन विनंत्या. आता काही पाठवू नकोस. आणि सहा पानी माफी लिहू नकोस, ती वाचून तिलाच तुझी समजूत काढायला बसावं लागेल.

सोबत दोऱ्याचा तुकडा ठेवलाय. दोन गाठींमधलं अंतर म्हणजे खोलीची सगळ्यात लांब भिंत. त्यात काय बसेल ते तुला आमच्यापेक्षा बरं कळेल.

तुझे
भावोजी

घर,
दि. २९ जुलै

ती. सौ. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मिळेल तोवर सामान लागलेलं असेल. हॉर्नला मी सांगून ठेवलं होतं की शेळ्या आल्या तरी उतरू नकोस, चिमणी गाडीत आहे. उतरला असणारच.

मालकाने गाडी दिली, मी बदल्यात पुढच्या हंगामात त्याच्याकडे कामाला येईन म्हणून सांगितलंय. किंवा म्हटलं की बघू. आता मी काहीही नक्की सांगायला घाबरतो.

बांधाबांध करताना तू माझ्याशी फक्त सामानाचं बोललीस, हे कुठे, ते कशात. मला ते बरं वाटलं. मधे एकदा मशीनला गोधडी गुंडाळताना तू म्हणालीस की आगाराच्या फोरमनला नाही म्हणून कळवायचं राहिलंय. मला फोरमन कोण ते माहीत नव्हतं. तुझं एप्रिलचं पत्र नंतर हॉर्नने खिशातून काढून दिलं, मऊ झालं होतं. ते मी तुम्ही गेल्यावर वाचलं.

एक गोष्ट सांगायची राहिली. आम्ही प्रत्येक खोक्यावर ते कुठल्या खोलीत जायचं ते लिहितो, स्वयंपाकघर, पुढची खोली, मुलांची खोली. सवयीने खडू हातात घेतला आणि मग लक्षात आलं. तुझ्या सगळ्या खोक्यांवर मी एकच शब्द लिहिला, खोली. चिमणीने विचारलं की तुला दुसरं काही लिहिता येत नाही का, मामा. मी म्हटलं की शिकलोय तेवढंच.

दोरा घेऊन घरभर फिरलो. कपाट नाही, शेल्फ नाही, त्या दोन्ही वस्तू पुन्हा कुणाच्या तरी जिन्यात अडकल्या असत्या. दोन गाठींमध्ये एकच वस्तू बसली. तू म्हणालीस की तो पलंग तुझा आहे, मी नेणार नाही. मग म्हणालीस की खरं तर तो कुणाचाच नाही. तरी मी तो चढवला, आणि सगळ्यात शेवटी चढवला. गाडीचं दार उघडलं की तोच पहिला आला असेल. बाकी सगळं तसंच बांधलेलं ठेवून आधी त्याच्यावर आडवी झाली असशील, निदान एवढं तरी मी नीट केलं असं मला वाटू दे. खोट बघायची असेल तर पितळी गोळ्यांपैकी डावीकडचा सैल आहे, चिमणीला सांग, फिरवू नकोस, निघून हातात येतो.

हॉर्न म्हणाला की या गावातून निघणाऱ्या गाडीत जागा नसते हे माहीत होतं, पण माणसालाही नसेल असं वाटलं नव्हतं. पुढे तुम्ही दोघी बसलात, मागे सगळं कोंबलेलं. मी म्हटलं की मी उद्याच्या बसने निघतो. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली तेव्हा त्याने हॉर्न वाजवला, तू ऐकलाच असशील.

ती बस गेली. त्यानंतरचीही गेली. मी अजून इथेच आहे. तू रंगवलेल्या खोलीत चिमणीची भिंत ओळखू येते, खालपर्यंत पांढरी आणि वर तिचा हात पोचला नाही तिथे जुनी. भोवताली परक्या लोकांचं सामान नीट मांडून ठेवलंय, सगळं दिमाखदार, आणि मी चटईवर जमिनीवर झोपतो. कपाटाच्या आरशातली मांजरं माझ्याकडे बघतात. फोरमनला भेटून आलो. तो म्हणाला की तुझी बहीण तर म्हणाली होती हात चांगला आहे, मग एवढा उशीर कुठे झाला.  सोमवारी ये म्हणाला.

मी राहणार आहे असं लिहीत नाही. लिहिलं तर तू तिकडे खोलीत काहीतरी धरून बसशील, आणि मी तर तुझ्या आठवड्याच्या हिशेबातलाच माणूस. फक्त एवढं सांगतो की आत्ता इथे आहे, सकाळी पुढचं दार उघडतो, तुझ्या मशीनच्या जागी चार पायांच्या खुणा आहेत त्या झाडताना पुसत नाही. परवा एक बाई गणवेश घेऊन आल्या, काठ सोडवायला. ताई गेल्या म्हटल्यावर म्हणाल्या की आता कुणाकडे जायचं. मी काठ सोडवून दिला, शिवायला जमलं नाही.

हॉर्न परत येईल तेव्हा गाडी रिकामीच येईल. तिच्यात माझ्यासाठी काही ठेवू नकोस, एखादं पत्र ठेव. पाणी दिसत नसेल तर दिसत नाही असंच लिही.

भावोजींना नमस्कार, त्यांचा दोरा मी ठेवून घेतलाय. लोभ असू दे. तिकडे एका खोलीत त्याला जागा नसेल तर इथेच ठेव, मी सांभाळतो.

तुझा
भिंगरी